रिकाम्या पिंपांचा ट्रक

ट्रक पोचला. अठरा टक्के मोडतोड होऊन, दहा महिने उशिरा, पण पोचला. रिकामी पिंपं उतरवून घेतली गेली आणि पडद्यावर चालकाचं अभिनंदन झालं. हे झालेलं नाही. रोनकचं यावर म्हणणं एवढंच आहे की असं काहीही झालेलं नाही, आणि ज्याला झालं असं वाटतं त्यानं लेखी द्यावं. तेव्हा आपणही झालं नाही असंच धरू आणि दसऱ्यापासून सुरू करू, कारण दसऱ्याला ट्रक अजून जागच्या जागी होता आणि घरात फक्त जळका वास आला होता.

वास तीन सेकंद आला. रोनकनं कंप्युटरचं बटण दाबलं, काचेच्या आडचे दोन छोटे पंखे अर्धा फेरा फिरले, आत कुठेतरी एक बारीक ‘टच्’ झालं आणि पडदा काळा तो काळाच राहिला. मागच्या खोलीतून दीपचंदजी, म्हणजे रोनकचे वडील, म्हणाले, “धूप चांगला निघाला या वेळचा.” रोनकनं काच उघडली. आतल्या ग्राफिक्स कार्डावर, विटेएवढ्या त्या काळ्या वस्तूवर, ओल्या कुंकवाची पाच बोटं उमटली होती. पंख्याच्या पात्यांत अक्षता अडकल्या होत्या. झेंडूची एक पाकळी थेट त्या सोनेरी दातेरी कडेवर जाऊन बसली होती जिथून वीज येते. पूजा अतिशय मनापासून केलेली होती. एकही कोपरा सुटलेला नव्हता. रोनकनं खिशातला रुमाल काढला आणि वडील चपला घालून बाहेर येईपर्यंत सगळं कुंकू पुसून घेतलं, जसं एखाद्यानं खून केल्यावर पुसावं. फक्त इथे खून दुसऱ्यानं केला होता आणि त्या दुसऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. “काय झालं?” दीपचंदजींनी विचारलं. “व्होल्टेज,” रोनक म्हणाला. जळगावात व्होल्टेजवर कोणी शंका घेत नाही.

आतापर्यंत ही पूजा रुची करायची, रोनकची धाकटी बहीण. दीपचंदजींचं बारदानाचं दुकान, म्हणजे रिकामी पोती घ्यायची, झटकायची, शिवायची आणि पुन्हा विकायची. त्यामुळे त्यांची हत्यारं म्हणजे दाभण, सुतळी, काटा आणि एक लोखंडी आकडा. दसऱ्याला ही सगळी पाटावर मांडली जात, मग स्कूटर, मग मिक्सर आणि शेवटी कंप्युटर. रुची एका चिठोऱ्यावर चिमूटभर कोरडं कुंकू घ्यायची, तो चिठोरा कंप्युटरच्या डोक्यावर ठेवायची, बाजूला फूल ठेवायची आणि पाच मिनिटांनी दोन्ही उचलून न्यायची. कंप्युटरला कळतही नसे की आपली पूजा झाली. आई, प्रेमकुंवरबाई, या कामात नव्हतीच. तिनं एकदा त्या पडद्यावर माणसं माणसांना गोळ्या घालताना पाहिली होती आणि तेव्हापासून ती त्याला हिंसेचा डबा म्हणायची. दसऱ्याला सकाळी ती जैन स्थानकात व्याख्यानाला गेली होती. गेल्या डिसेंबरात रुचीचं लग्न झालं, ती धुळ्याला देवपुरात गेली आणि चिठोऱ्याची गोष्ट कोणाला सांगायची राहून गेली. अशा गोष्टी कोणी सांगत नाही. गॅसची टाकी कुठून मिळते, दूधवाला किती वाजता येतो, हे सगळं सांगून ती गेली होती. चिठोरा राहिला. दीपचंदजींनी वाटीत कुंकू कालवलं, आणि मुलानं कधीतरी काचेवर बोट ठेवून “यातला हा मेन आहे” असं सांगितलेलं त्यांना आठवलं, म्हणून त्यांनी काच उघडून मेनलाच टिळा लावला.

खरं तर ग्राफिक्स कार्डावाचून माणूस मरत नाही. कंप्युटरसुद्धा मरत नाही. तार दुसऱ्या भोकात खोचली की पडदा उजळतो, मराठी टायपिंग होतं, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज भरता येतात, आणि रोनकचं पोट त्याच अर्जांवर होतं. कलेक्टर ऑफिससमोरच्या एका ऑनलाइन केंद्रात तो दिवसभर लोकांचं म्हणणं सरकारी भाषेत लिहायचा. बारदानाच्या धुळीनं त्याला शिंका यायच्या, लागोपाठ सोळा-सतरा, म्हणून वडिलांनी त्याला दुकानातून माफ केलं होतं. त्यात गिऱ्हाईक पोत्यांचा आकडा विसरायचं. तर कार्ड नसलं म्हणून अडत काहीच नव्हतं. फक्त रस्ता, पाऊस आणि वायपर ही तीन कामं त्याच्याशिवाय होत नाहीत. आणि ट्रक पावसात उभा होता.

तो ट्रक रुचीचा. एका खेळातला, परदेशी रस्त्यांवरून माल पोचवायचा, दुसरं काही नाही, कोणी मरत नाही. रुचीनं बारावीनंतर तो खेळायला घेतला तेव्हा आईनंही मागे उभं राहून पाहिला आणि “यात फक्त जातात का?” असं विचारून संमती दिली. रुची मात्र मालाची चौकशी करायची. मांस नाही. मासे नाहीत. दारू नाही. बटाटे आले तेव्हा तिनं बराच विचार केला आणि जमिनीखालचं म्हणून तेही नाकारलं. शेवटी तिच्या कंपनीकडे लाकडाचा भुसा आणि रिकामी पिंपं एवढेच सौदे उरले, आणि साऱ्या युरोपभर तिनं तीन वर्षं रिकामी पिंपं वाहिली, ताशी चाळीसच्या वेगानं, प्रत्येक सिग्नलला थांबून, मागून हॉर्न वाजवणाऱ्या खोट्या माणसांना “जा ना बाबा, जा” असं म्हणत. रोनक शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा. त्याचं काम नकाशा बघणं. “भैया, पुढे डावीकडे का?” “डावीकडे.” एवढंच त्यांचं बोलणं. नंतर रोनकनं आठवायचा प्रयत्न केला तरी त्याला याहून वेगळं ते काही बोलल्याचं आठवेना. भाऊ-बहीण एकमेकांशी काय बोलतात याची यादी त्यानं एकदा केंद्रात बसून काढली. डावीकडे, उजवीकडे, पाणी दे, चार्जर कुठे आहे, झोप आता. पाच ओळींत संपली. लग्नाच्या आदल्या दुपारी ती अशीच चालवत होती, पडद्यावर संध्याकाळ होऊन पाऊस लागला होता, मुक्कामाचं गाव अडतीस किलोमीटरवर होतं, आणि खालून आईची हाक आली की मेंदीवाली आली. रुचीनं ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला. इंजिन बंद केलं नाही. वायपर बंद केले नाहीत. “आलेच,” असं म्हणून ती उठली.

रोनकनं तिथे तो खेळ जतन केला आणि बंद केला. दुसऱ्या दिवशी लग्न. त्यानंतर रोज संध्याकाळी, केंद्रातून आल्यावर, जेवणाआधी, तो खेळ उघडायचा. ट्रक उभा असायचा. वायपर डावीकडे जात, उजवीकडे जात. तो दहा मिनिटं बघायचा आणि काही न हलवता बंद करायचा, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पाऊस पुन्हा तिथूनच सुरू व्हायचा. मार्चमध्ये तिच्या नावबदलाचा अर्ज त्यानंच भरला होता. लग्नापूर्वीचे नाव, लग्नानंतरचे नाव. दोन रकाने, शेजारी शेजारी. डावीकडे, उजवीकडे. त्या दिवशी तो वीस मिनिटं बघत बसला. त्या जतन केलेल्या जागेची एखादी नक्कल काढून ठेवावी हे त्याला सुचलं नव्हतं असं नाही. दिवसाला दोनशे कागदांवर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारणाऱ्या माणसाला नकलेबद्दल आदर राहत नाही.

तर कार्ड घ्यायचं होतं. अखिल हा त्याच्याबरोबर शाळेत होता आणि आता कंप्युटरचं दुकान चालवत होता. त्यानं जळकं कार्ड हातात घेतलं, हुंगलं आणि म्हणाला, “हे आता येत नाही रे. सहा वर्षं जुनं आहे. याच्या दुप्पट चांगलं देतो.”

“दुप्पट चांगलं नको.”

“मग?”

“तेवढंच चांगलं.”

अखिलनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं दुकानातल्या पडद्यावर तोच खेळ नव्या कार्डावर लावून दाखवला, बिचाऱ्यानं हौसेनं दाखवला. पाऊस वेगळा होता. थेंब काचेवर आपटून फुटत, त्यांच्यात मागच्या गाड्यांचे दिवे दिसत, रस्त्यावर ओल चमकत होती. “बघ, पाऊस बघ. नुसता भिजल्यासारखं होतं.” रोनकनं पाऊस बघितला. रुचीच्या पावसाला थेंब नव्हते. तिरक्या पांढऱ्या रेघा होत्या, एखाद्या लहान मुलानं पट्टी ठेवून मारल्यासारख्या. ती याच्यात थांबली नव्हती. हा दुसऱ्या कुठल्यातरी दिवशीचा पाऊस होता. “पाऊस जास्त आहे,” रोनक म्हणाला. अखिलनं सांगितलं की असं गिऱ्हाईक त्याला अकरा वर्षांत भेटलं नव्हतं, लोक कमी पडतं म्हणून येतात. मग त्यानंच धुळ्याच्या नासीरभाईंचा नंबर दिला. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत जुने सुटे भाग विकतात, म्हणाला, तिथे मेलेलं सगळं मिळतं.

रविवारी सकाळी रोनक धुळ्याच्या बसमध्ये बसला. जळकं कार्ड त्यानं मापाला म्हणून स्टीलच्या डब्यात घातलं होतं आणि डबा मांडीवर धरला होता. एरंडोलला एक म्हातारे आबा शेजारी येऊन बसले. थोडा वेळ त्यांनी डब्याकडे पाहिलं. “काय शे रे भो डबामा?”

“पंखा शे, आबा.”

“इतला धाकला?” आबांनी बोटानं डबा वाजवून बघितला. “वारा कोनले लागस?”

वारा कोणाला लागतो याचा रोनकनं विचार केला. पारोळ्यापर्यंत केला. आबा तोवर झोपले होते, त्यांचं डोकं रोनकच्या खांद्यावर आलं होतं, आणि दहा महिन्यांत आपल्याला एवढा वेळ कोणी टेकलेलं नाही असं त्याच्या लक्षात आलं. तो मुकटी येईपर्यंत हलला नाही. आबांना मात्र पारोळ्यालाच उतरायचं होतं. जागे झाल्यावर त्यांनी त्यालाच चार शब्द सुनावले आणि मुकटीला उतरले.

नासीरभाईंनी डबा उघडला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि चिमट्यानं पंख्यातून तांदळाचा एक दाणा बाहेर काढला. मग दुसरा. ते त्यांनी टेबलावरच्या एका वाटीत टाकले. वाटीत आधीचे बरेच होते. “दसऱ्याची केस,” ते म्हणाले. “दर साल येतात. दसरा ते दिवाळी माझा सीझन. कुणाचा प्रिंटर, कुणाचा बिलाचा मशीन. एकानं तर मोबाइलला नारळ फोडला होता, मोबाइलवरच. कुंकू कुणी लावलं?”

“व्होल्टेज,” रोनक म्हणाला.

“व्होल्टेज लाल नसतं, भाऊ.” नासीरभाईंनी कार्डाच्या कडेवर नख फिरवून नख दाखवलं. मग त्यांनी जास्त विचारलं नाही. आत जाऊन त्यांनी तीन कार्डं आणली, दोन बाजूला ठेवली आणि तिसरं पुढे सरकवलं. तेच. तोच काळा रंग, तेच दोन पंखे, डाव्या पंख्यावरचं चित्रसुद्धा तेच. “एका पोराचं आहे. तो नोकरीला दुबईला गेला, आईनं विकलं. चालतं. पण साहेब, एवढे पैसे घालून तेच का घेता? पुढे काहीच दिसणार नाही याच्यावर.”

“मला मागचंच बघायचंय,” रोनक म्हणाला, आणि हे वाक्य आपण मोठ्यानं बोललो हे पाहून त्याला थोडी लाज वाटली. नासीरभाईंनी कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात घातलं. जळकं त्यांनी ठेवून घेतलं. “वडिलांना सांगू नका,” ते म्हणाले. वडिलांचं नाव रोनकनं काढलंच नव्हतं.

पांझरेवरचा पूल ओलांडून रिक्षा देवपुरात शिरली. रुचीच्या घरी तो लग्नानंतर तिसऱ्यांदा जात होता. वडील एकदाही गेले नव्हते. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही हे दीपचंदजी पाळत. पाणी न पिता किती वेळ बसायचं आणि बसून काय करायचं हे त्यांना ठरवता आलं नव्हतं. रुचीनं दार उघडलं. तिच्या हातात किल्ली होती. “भैया! दोन मिनिटं थांबतोस का, मी गाडी आत घेते,” असं म्हणून ती खाली गेली आणि रोनकनं गॅलरीतून पाहिलं, रुचीनं एक खरीखुरी पांढरी गाडी उलटी घेऊन, एकदाही न थांबता, अरुंद फाटकातून आत घातली. चार महिन्यांपूर्वी शिकले, ती वर येऊन सांगत होती, सासूबाईंना घेऊन परवा नरडाण्यापर्यंत जाऊन आले, हायवेनं, ऐंशीनं. “ऐंशीनं?” “मग काय! मागचे हॉर्न मारतात ना.” ती हसली. तिचं हसणं पूर्वीसारखंच होतं, फक्त लवकर संपत होतं, कारण आत कुकरची शिट्टी झाली, मग सासूबाईंची हाक आली, मग फोन.

रोनकनं पोह्यांची ताटली हातात घेऊन सांगितलं, “तुझा ट्रक उभा आहे.”

“कोणता ट्रक?”

तिनं कपाळाला आठी घातली, आठवलं, आणि हात तोंडावर नेला. “अय्या, तो? पिंपांचा? तो अजून उभाच आहे?”

“इंजिन चालू आहे.”

“मग डिझेल संपलं असेल रे!” आणि ती इतकी हसली की सासूबाई बाहेर येऊन बघून गेल्या. मग ती डोळे पुसत म्हणाली, “तूच पोचवून टाक ना.” “मला नाही जमत,” रोनक म्हणाला. “मी नकाशावाला.” तिनं त्याच्या ताटलीत आणखी शेव घातली. “पप्पांनी दसऱ्याची पूजा केली का रे? कोरडंच कुंकू लावलं ना?”

“कोरडंच.”

“बरं झालं. मी सांगायचं विसरले होते, मला मध्येच आठवलं आणि नुसती धडधड.” म्हणजे तिला चिठोरा आठवला होता. ट्रक आठवला नव्हता. रोनकनं या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि त्यांची बेरीज काय येते ते त्याला कळेना. निघताना तिनं वडिलांसाठी म्हणून घरी केलेल्या मेथीच्या मठऱ्यांची पिशवी दिली. दोघांनाही माहीत होतं की ते खाणार नाहीत. “निदान समोर ठेव,” ती म्हणाली. समोर ठेवलं की त्यांना नको म्हणावं लागणार, आणि नको म्हटल्यावर त्यांना रात्रभर लागणार. म्हणून परतीच्या बसमध्ये रोनकनं मठऱ्या खायला सुरुवात केली. मुकटीपर्यंत त्या चांगल्या लागल्या. पारोळ्यानंतर तो कर्तव्य म्हणून खात होता. एरंडोलला शेवटची मठरी संपली आणि त्यानं पिशवी घडी करून खिशात घातली. एकूण एकेचाळीस होत्या. त्यानं मोजल्या नव्हत्या, पोटानं मोजल्या.

साडेचारला त्यानं कार्ड बसवलं. पंखे फिरले. वास आला नाही. दीपचंदजी मागे येऊन उभे होते; ते कधी आले ते त्याला कळलं नाही. “माझी पूजा कमी पडली का रे?” त्यांनी विचारलं.

“नाही पप्पा. पूजा भरपूर होती.”

पडद्यावर संध्याकाळ झाली. तिरक्या रेघांचा पाऊस लागला. ट्रक उभा होता. वायपर डावीकडे गेले, उजवीकडे आले, आणि रोनक मोठ्या खुर्चीत मागे रेलला.

“हे काय आहे?”

“रुचीचा ट्रक.”

“उभा का आहे?”

“ती लग्नाच्या आदल्या दिवशी उठून गेली तेव्हापासून उभा आहे.”

दीपचंदजी खाली वाकले. “माल काय आहे?”

“रिकामी पिंपं.”

“रिकामी म्हणजे धंद्याचीच की.” ते आणखी वाकले. चष्मा पडद्याला टेकला. “डिसेंबर ते ऑक्टोबर. दहा महिने माल रस्त्यात? पावसात? आणि तू घरात बसून बघतोस?”

“खेळ आहे, पप्पा.”

“पार्टीला हे सांगितलंस?” त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीतून रोनकचा शर्ट बाजूला केला, मग विचार बदलला आणि त्याला उठवून मोठ्या खुर्चीत स्वतः बसले. “वरती नाव कोणाचं लिहिलंय? रुचीचं ना? तिकडे पार्टी दहा महिने माझ्या मुलीच्या नावानं बोटं मोडत असेल. पुढे कसा न्यायचा हा?”

आता रोनकला थांबवता आलं असतं. त्यासाठी कारण सांगावं लागलं असतं. दिवसभर दुसऱ्यांची कारणं लिहिणाऱ्या त्या माणसानं आपलं कारण मनात तीनदा लिहून पाहिलं आणि तिन्ही वेळा ते रकान्यात मावेना. समोर त्याच्या वडिलांची पाठ होती. मुलीच्या घरी पाणी पिता न येणारा तो माणूस दोन तर्जन्या ताठ धरून, दाभण धरावं तशा, वाट बघत होता. “वरचा बाण दाबा,” रोनक म्हणाला. आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसला.

ट्रक हलला. पहिल्याच वळणाला तो कठड्याला घासला. दीपचंदजींनी “सॉरी, सॉरी” म्हटलं, कठड्याला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या तेव्हा ते मान वळवून खोलीच्या दाराकडे बघत राहिले. एका सिग्नलला ते थांबले आणि हिरवा झाल्यावरही थांबले, कारण बाजूच्या गाडीला आधी जाऊ द्यायचं होतं. “पुढे डावीकडे का रे?” त्यांनी विचारलं. “डावीकडे,” रोनक म्हणाला. अडतीस किलोमीटरला सव्वा तास लागला. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून आई दोनदा हाक मारून गेली, दीपचंदजी म्हणाले, “माल उतरवून आलो.” गोदामाच्या फाटकावर, वाटेतले दोन धरून, तिसरा खांब पडला, आणि मग पाऊस एकदम नाहीसा झाला, पडदा निळा झाला, मधोमध इंग्रजीत अभिनंदन आणि खाली रुचीचं नाव. त्याच क्षणी कोपऱ्यात एक छोटं चक्र फिरलं. खेळ स्वतःहून जतन होत होता, जुन्या जागेवर नवी जागा लिहीत. रोनकनं ते चक्र थांबेपर्यंत पाहिलं.

“पावती?” दीपचंदजींनी विचारलं.

“हीच.”

त्यांनी मान हलवली, खुर्चीच्या हाताला धरून उठले, कंबर सरळ केली. पुष्कळ दिवसांनी ते खूश दिसत होते. “तिला फोन करून सांग, माल पोचला म्हणावं. मोडतोड झाली ती माझ्याकडून.” आणि ते जेवायला गेले.

रोनकनं फोन केला नाही. गोदामात रिकामा ट्रक उभा होता, इंजिन बंद, वायपर बंद, वर कोरडं आभाळ. त्यानं खेळ मिटला, खुर्ची पुढे ओढली, ती अजून गरम होती, आणि त्याला जे एकच काम नीट येत होतं ते सुरू केलं.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
(जे कोणी असतील ते)

विषय : माल पोचल्याची नोंद रद्द होऊन ट्रक पूर्ववत उभा करून मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून सादर करतो की, सदर ट्रक डिसेंबरपासून रस्त्याच्या डाव्या कडेस, वाहतुकीस कोणताही अडथळा न करता उभा होता. आज रोजी तो अर्जदाराच्या वडिलांनी सद्हेतूने हलविला असून त्याबद्दल त्यांच्यावर कोणतीही कारवाई करण्यात येऊ नये. तरी सदर नोंद रद्द करून सदर ट्रक मुक्कामापासून अडतीस किलोमीटर अलीकडे, पाऊस सुरू, इंजिन सुरू व वायपर सुरू अशा मूळ स्थितीत उभा करण्याचे आदेश व्हावेत. मूळ स्थितीची सत्यप्रत अर्जदाराकडे उपलब्ध नाही. चालक ‘आलेच’ असे तोंडी कळवून गेलेली आहे. तिने मुदत सांगितलेली नसल्याने मुदत संपली असे समजण्यात येऊ नये, ही विनंती.